‘मुळापासून’ या शब्दाच्या विरोधात

एक शब्द ऐकला की माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला आपोआप खाज सुटते. ‘मुळापासून’. एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकल पेपरच्या शेवटच्या पानावर, आणि आता मी एकदा ‘एक्झिमा’ सर्च केलं म्हणून रोज माझ्या फीडमध्ये. त्वचारोग मुळापासून बरा. खाज मुळापासून बंद. आम्ही लक्षणं दाबत नाही, मुळावर घाव घालतो.

मला ॲटॉपिक डर्मटायटिस आहे. रोजच्या भाषेत एक्झिमा, आजीच्या भाषेत इसब. दीड वर्षाची होते तेव्हापासून आहे, आता मी 28 वर्षांची आहे. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी मला मुळापासून बरं करायचं मनावर घेतलं त्यात साबुदाण्याएवढ्या गोळ्यांचे एक डॉक्टर होते, नाडी बघून ‘रक्त अशुद्ध आहे’ सांगणारे एक वैद्य होते, वांगं-दही-अंडं बंद करायला लावणाऱ्या शेजारच्या काकू होत्या, आणि नोकरी लागल्यावर पुण्यातलं एक चकचकीत क्लिनिक होतं, जिथे डॉक्टर भेटायच्या आधी ‘काउन्सेलर’ भेटते आणि 12 सिटिंगचं पॅकेज समोर ठेवते. कडुनिंबाचा रस धरत नाही मी, तो सगळ्यांनीच प्यायलेला असतो.

माझं म्हणणं असं की या आजारात रुग्णाचं सगळ्यात मोठं नुकसान खाज करत नाही, हे आश्वासन करतं. कारण या आजारावर चांगले उपचार आहेत. कंटाळवाणे आहेत, पण चांगले आहेत. ‘मुळापासून’वाल्यांचा खरा धंदा तुम्हाला त्या कंटाळवाण्या उपचारांपासून दूर ठेवण्याचा आहे.

आधी मूळ म्हणजे काय ते बघू. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन असतं. भिंतीला प्लास्टर असतं तसं काहीसं: आतला ओलावा बाहेर जाऊ नये आणि बाहेरची घाण, धूळ, साबण आत येऊ नये यासाठी. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असेल तर ॲटॉपिक डर्मटायटिस होण्याची शक्यता बरीच वाढते. सगळ्याच रुग्णांत हा बिघाड नसतो, आणि बिघाड असलेल्या सगळ्यांना इसब होत नाही. दुसरी बाजू प्रतिकारशक्तीची. ती अशा लोकांत जरा जास्तच तापट असते, त्यामुळे एकाच घरात एकाला इसब, दुसऱ्याला दमा, तिसऱ्याला सकाळी उठल्यावर वीस शिंका असं चित्र दिसतं. माझ्या घरात दमा बाबांकडे आहे. तर मूळ हे असं आहे: थोडं वंशात, थोडं प्लास्टरमध्ये, थोडं हवेत. ते रक्त शुद्ध करून उपटता येत नाही, कारण रक्त अशुद्ध नाहीच.

मग ‘मुळापासून’वाल्यांचे इतके रुग्ण बरे कसे होतात? याचं उत्तर माझ्या कामामुळे मला पटकन कळतं. सर्व्हरवरचा लोड दिवसभर वरखाली होत असतो. तो सगळ्यात वर गेला असताना मी काहीतरी बदललं आणि तासाभरात तो खाली आला, तर माझ्या बदलाने तो खाली आला असं म्हणणाऱ्याला आमच्याकडे कोणी गंभीरपणे घेत नाही. तो तसाही खाली येणार होता. इसबाचा आलेख असाच असतो. आणि माणूस नवीन डॉक्टर कधी गाठतो? चट्टे सगळ्यात जास्त पेटलेले असतात, रात्रभर झोप नसते, चादरीवर रक्ताचे ठिपके असतात तेव्हा. त्यानंतर काहीही घ्या, बहुतेक वेळा थोडं बरं वाटणारच. शिवाय पुष्कळ मुलांचा इसब मोठं होता होता आपसूक कमी होतो, काहींचा जातोही. त्या वेळी जो कोणी गोळ्या देत असेल, श्रेय त्याचं. माझा गेला नाही, त्यामुळे मी कोणाच्याच यशोगाथेत नाही.

गोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी सहावी ते नववी जात होते. इसब वाढला की ते म्हणायचे, औषध लागू पडतंय, रोग बाहेर निघतोय. कमी झाला की म्हणायचे, बघा. वाढणं आणि कमी होणं दोन्ही ज्या सिद्धांताने सिद्ध होतं, तो कधीच चुकू शकत नाही, आणि म्हणूनच तो कामाचा नाही. माणूस प्रेमळ होता, फी कमी होती, आणि आमचं बोलणं अर्धा तास शांतपणे ऐकून घ्यायचा. हा अर्धा तास लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आणि कधी कधी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ मलम खरोखर तीन दिवसांत चट्टे घालवतं. तेव्हा तर जास्तच घाबरावं. 1999 मध्ये लंडनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी रुग्णांनी आणून दिलेली 11 चिनी वनौषधी मलमं प्रयोगशाळेत तपासली. 8 मलमांत डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे सरळ स्टेरॉइड. डब्यावर फक्त पानाफुलांची चित्रं.

आता दुसऱ्या टोकाकडे. आपल्याकडे इसबाचा पहिला डॉक्टर मेडिकलवाला असतो. “ताई, ही ट्यूब न्या, ऑल इन वन आहे.” खरंच असते: त्यात एक कडक स्टेरॉइड, एक बुरशीचं औषध, एक-दोन अँटिबायोटिक, सगळं एकत्र कालवलेलं. इसब असो, गजकर्ण असो, खरूज असो, दुकानदाराला निदान करायची गरज नाही आणि कंपनीला एकच जाहिरात पुरते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून माणूस खूश. गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरत राहतं आणि पुढे डॉक्टरलाही ओळखू येत नाही. इसब असेल तर गरज नसलेलं अँटिबायोटिक लागत राहतं, आणि नाजूक कातडीला त्याचीच ॲलर्जी होऊ शकते, ती वेगळी.

सगळ्यात कडक स्टेरॉइड नकळत कसं लावलं जातं ते ट्यूबवरच्या आकड्यात दडलेलं आहे. हायड्रोकॉर्टिसोनच्या ट्यूबवर 1% लिहिलेलं असतं. क्लोबेटॅसॉलच्या ट्यूबवर 0.05%. कोणीही शहाणा माणूस दुसरी ट्यूब सौम्य समजेल. प्रत्यक्षात हायड्रोकॉर्टिसोन हे सगळ्यात सौम्य स्टेरॉइडांपैकी एक आहे आणि क्लोबेटॅसॉल सगळ्यात जहाल गटातलं, शेकडो पटींनी जास्त ताकदीचं. टक्केवारी औषध किती घातलंय ते सांगते, ते किती जोरात काम करतं ते सांगत नाही. हे खोक्यावर मराठीत छापायला किती शाई लागली असती?

सरकारने काही केलं नाही असं नाही. मार्च 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात असली कालवाकालवीची मलमंही होती. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना यासाठी वर्षानुवर्षं भांडत होती, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण मी आजवर ज्या दुकानांत गेले तिथे कोणी माझ्याकडे चिठ्ठी मागितलेली नाही. ‘पंधराची देऊ की तीसची?’ एवढंच विचारतात.

ट्यूबच्याही पुढची पायरी म्हणजे सुई. गावाकडच्या दवाखान्यात ‘एक इंजेक्शन मारतो, साफ होईल’ म्हणतात आणि खरंच साफ होतं. माझ्या मावसबहिणीला लग्नाच्या आधी अशी दोन इंजेक्शनं दिली. स्थळ चांगलं होतं, सगळ्यांना घाई होती, आणि हळदीच्या फोटोत हात स्वच्छ दिसायला हवे होते. दिसले. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात इसब आला तो पूर्वीच्या दुप्पट, मानेवर, पापण्यांवर, नवीन घरात, जिथे कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. शरीरभर जाणाऱ्या स्टेरॉइडचा जोर ओसरला की असा उलटा भडका उडतो, म्हणूनच जगभरच्या मार्गदर्शक सूचना इसबासाठी ते शक्यतो टाळायला सांगतात. आमच्या घरात निदान वेगळंच झालं: पोरीला सासरचं पाणी मानवलं नाही. तिला खोटं पाडणारं कोणी नव्हतं आणि खरं माहीत असलेलं कोणी तिथे नव्हतं. ‘लग्नाच्या आधी बरं करून टाका’ हेही ‘मुळापासून’चंच भावंड आहे. आजाराला तारीख दिली की कोणीतरी सुई भरतोच.

आता या सगळ्याचा परिणाम बघा. ट्यूबने आणि सुईने पोळलेले लोक म्हणायला लागतात, स्टेरॉइड नकोच. मग रील येतात: लालबुंद चेहरा, रडणारी मुलगी, ‘मी स्टेरॉइड सोडलं आणि माझं शरीर शुद्ध झालं’. मला या मुलींचा राग येत नाही. कडक स्टेरॉइड महिनोन्महिने रोज चेहऱ्यावर लावून एकदम बंद केलं तर कातडी पेटल्यासारखी लाल होते, जळते, आठवडे आठवडे. हे खोटं नाही, ब्रिटनच्या औषध नियामकाने 2021 मध्ये याबद्दल रीतसर इशारा दिलेला आहे. माझा राग पुढच्या वाक्यावर आहे: म्हणून कोणीच, कधीच, कुठलंच लावू नका. म्हणजे तीन वर्षांच्या पोराने रात्रभर खाजवत बसायचं, जखमा चिघळू द्यायच्या, आणि आईने स्वतःला शाबासकी द्यायची की मी त्याला ‘केमिकल’ लावलं नाही.

जास्त वापर आणि भीतीने कमी वापर या दोन विरुद्ध गोष्टी वाटतात. दोन्हींच्या मागे एकच कमतरता आहे: किती लावायचं, कुठे लावायचं आणि कधी थांबायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं. ‘थोडंसं लावा’ हे प्रमाण नाही. माझी आई ट्यूब अशी दाबायची जणू आत केशर आहे. आणि याचं प्रमाण ठरलेलं आहे, 1991 पासून. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, मलमाची एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम. एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, बोटं धरून. मोठ्या माणसाच्या एका पूर्ण हाताला, पंजा सोडून, अशा तीन रेघा. दोन्ही हात पेटले असतील तर सहा रेघा, म्हणजे 3 ग्रॅम. 15 ग्रॅमची ट्यूब पाच वेळा लावली की संपली. आम्ही एक ट्यूब सहा महिने पुरवायचो आणि म्हणायचो, औषधाचा गुणच येत नाही.

चट्टा पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत दिवसातून एकदा लावायचं, नुसती लाली कमी झाली म्हणून मध्येच सोडायचं नाही. मग जिथे परत परत येतं त्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस, येण्याच्या आधीच. चेहऱ्यावर आणि मांड्यांच्या सांध्यात सौम्यच. कुठलं आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतील, पण ते ठरवलेलं असायला हवं. पापण्या-मानेसारख्या नाजूक जागी टॅक्रोलिमस नावाचं मलम आहे, ते स्टेरॉइड नाही आणि त्याने कातडी पातळ होत नाही. पहिले काही दिवस चांगलंच झोंबतं, आणि ही गोष्ट आधी न सांगितल्यामुळे निम्मे लोक तिसऱ्या दिवशी ते फेकून देतात. 2006 मध्ये अमेरिकेने त्यावर कर्करोगाच्या शक्यतेचा इशारा छापायला लावला. नंतर हजारो मुलांवर दहा वर्षं नजर ठेवली तेव्हा त्या भीतीला आधार मिळाला नाही. इशारा व्हॉट्सॲपवर पोचला, पुढचा भाग पोचला नाही. जाता जाता, नैसर्गिकच हवं असणाऱ्यांसाठी: टॅक्रोलिमस 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत सापडलं. मातीहून अस्सल काय हवंय?

आणि मॉइश्चरायझर. इथे मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण याला औषध समजतच नाहीत. कातडीचं प्लास्टर गळकं असेल तर ते रोज लिंपावं लागणार. ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या मुलासाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लिहून द्यायला सांगतात. आठवड्याला. आपल्याकडे 100 ग्रॅमची ट्यूब लिहून देतात, तीही डॉक्टरांच्या आवडत्या ब्रँडची, आणि ‘महिन्याने या’. कुठलं चांगलं, यावर ब्रिटनमध्ये 550 मुलांवर एक मोठी चाचणी झाली, निकाल 2022 मध्ये आला: लोशन, क्रीम, जेल, घट्ट मलम, चारही प्रकारांत परिणामाचा फरक दिसला नाही. म्हणजे जे तुम्हाला आवडेल आणि परवडेल ते, भरपूर. मे महिन्यात नागपुरात पेट्रोलियम जेली फासून ऑफिसला जाणं अशक्य आहे, तेव्हा पातळ लोशन लावा. डिसेंबरात साधी जेली, किलोच्या हिशोबाने. कोमट पाण्याची छोटी अंघोळ, टॉवेलने न घासता टिपायचं, आणि अंग दमट असतानाच लावायचं. दिवाळीच्या पहाटेचं उटणं माफ करा. एरवी ज्या कातडीला साबण सोसत नाही तिला डाळीचं पीठ घासून काय मिळणार? या सगळ्याचा खर्च दर महिन्याला खिशातून जातो. माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये हॉस्पिटलात झोपलं तर पैसे मिळतात, हॉस्पिटलात झोपायची वेळ येऊ नये म्हणून लागणाऱ्या डब्याचे मिळत नाहीत.

ज्यांचं एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी पुढचं पुष्कळ आहे. अतिनील किरणांचे उपचार आहेत, पण आठवड्यातून दोन-तीनदा सकाळच्या ओपीडीत जायचं, म्हणजे नोकरी करणाऱ्याला जवळपास अशक्य. सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त औषधं रक्ततपासण्या करत घ्यायची (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं). 2017 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं डुपिलुमॅब, मोठ्यांना दर दोन आठवड्यांनी टोचायचं, तीव्र इसबात कित्येकांचं आयुष्य बदलणारं, आणि वर्षाचा खर्च लाखांत. त्यानंतर आलेल्या जॅक इनहिबिटर गोळ्या खाज फार लवकर थांबवतात, पण हृदय, रक्ताच्या गुठळ्या, कर्करोग, संसर्ग यांबद्दल त्यांच्यावर इशारे आहेत, आणि आपल्या देशात आधी टीबीची तपासणी केल्याशिवाय त्या सुरूच करू नयेत. यांतलं एकही औषध ‘मुळापासून’ म्हणत नाही. लाखो रुपयांचं इंजेक्शनसुद्धा थांबवलं की इसब परतू शकतो. सगळ्यात महागडं विज्ञान जे आश्वासन द्यायला कचरतं, ते भिंतीवरचा चुना बिनधास्त देतो.

आता तो अर्धा तास. गोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो होता. माझ्या आजवरच्या बहुतेक त्वचारोगतज्ज्ञांकडे तीन मिनिटं होती, आणि त्यांतलं एक प्रिस्क्रिप्शन लिहिण्यात गेलं. बाहेर साठ पेशंट बसलेत, मला दिसतात. पण समजावून सांगणं हा सौजन्याचा भाग नाही, तो उपचार आहे, आणि औषधासारखीच त्याची चाचणी झालेली आहे. जर्मनीत 2006 मध्ये 992 मुलांच्या अभ्यासात काही कुटुंबांना आठवड्याला दोन तास असे सहा वर्ग दिले: मलम किती, खाज आली तर काय, झोप कशी. वर्षभरानंतर त्या मुलांचा इसब वर्ग न मिळालेल्यांपेक्षा कमी होता. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये याच कामासाठी नुसती एक वेबसाइट बनवून 340 पालकांवर आणि 337 तरुणांवर तपासली, तीही उपयोगी ठरली. वेबसाइट! माझ्यासारखे शेकडो लोक हिंजवडीत बसून रोज याहून अवघड गोष्टी बनवतात. मराठीत ‘इसब’ शोधलं की मात्र लिंबू, तुरटी आणि कोरफडीचे व्हिडिओ वर येतात.

त्वचारोगतज्ज्ञांकडे माझी मागणी म्हणूनच छोटी आहे. मला अर्धा तास नको, एक कागद द्या. त्यावर लिहा: हा आजार येत-जात राहील. शांत असताना हे लावायचं, पेटला की हे, इतक्या रेघा, इतके दिवस. चेहऱ्याची ट्यूब वेगळी. पू, ताप किंवा दुखणारे फोड आले तर त्याच दिवशी या. शेवटी दोन कोऱ्या ओळी ठेवा, माझ्या प्रश्नांसाठी. मराठीत लिहा, आणि टाइप मोठा ठेवा, कारण घरात ट्यूब उघडणारी बहुतेक वेळा आजी असते आणि तिचा चष्मा कधीच जागेवर नसतो.